दहाव्या दिवशी फोन कोण उचलणार?

तिहुआनातल्या सर्जनसाहेबांना,



तुमचं नाव मला ठाऊक नाही. कोणाकडे जायचं हे माझ्या धाकट्या बहिणीनंही अजून ठरवलेलं नाही. तिच्या यादीत तीन नावं आहेत आणि तिघंही तुमच्याच शहरातले. त्यांतला एक जण लवकरच तिच्या पोटात दुर्बीण घालून जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग कापून काढणार आहे. ती ॲरिझोनात, फीनिक्सला राहते. मी नाशिकला. तिच्याजवळ जाऊन राहणं मला सध्या जमण्यासारखं नाही, म्हणून जो माणूस तिला टेबलावर घेणार आहे त्याच्याशी निदान आधी बोलावं असं वाटलं. पत्र उघड लिहिते आहे, कारण तिच्यासारख्या मराठी मुली तिकडे आणखीही आहेत आणि त्यांच्या घरच्यांच्या मनात हेच प्रश्न असणार.

आधी एक सांगते. ही हौस नाही. तिचा बीएमआय ४१ आहे, शुगर आहे, रात्री श्वास अडकतो म्हणून सीपॅपचं मशीन लावून झोपते. घरात वर्षानुवर्षं तिला एकच ऐकवलं गेलं, की जिभेवर ताबा ठेव. तिनं ठेवला. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च आवरता घेतं, हे आता वैद्यकशास्त्र स्पष्ट सांगतं, पण लग्नकार्यात भेटणाऱ्या मावश्या-आत्यांपर्यंत ते पोहोचलेलं नाही. मधे सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं झाली. वजन उतरलं, मग नोकरीच्या विम्यानं ती देणं थांबवलं आणि उतरलेलं बरंचसं परत आलं. त्याच विम्यात वजनाची शस्त्रक्रियाही वगळलेली आहे. तुम्ही जठराचा जो वरचा फुगीर भाग काढता तिथेच घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक मुख्यत्वे तयार होतं, म्हणून या ऑपरेशननंतर नुसती जागा कमी होत नाही, भूकही कमी होते. हे वाचल्यापासून माझा तिच्या निर्णयाला पूर्ण पाठिंबा आहे.

तुमच्या शहराबद्दलही मनात अढी नाही. अमेरिकेत स्वतःच्या खिशातून करायचं तर साधारण १५ ते २५ हजार डॉलर लागतात. तिहुआनात ४ ते ६ हजारांत होतं, आणि त्यात सॅन दिएगोच्या विमानतळावरून गाडीनं नेणं, हॉटेल, दवाखान्यातल्या रात्री, सगळं धरलेलं असतं. दोन मुलांच्या शिक्षणाचा खर्च चालू असलेल्या घरात हा फरक फार मोठा आहे. तिथल्या कित्येक सर्जनांच्या हाताखालून हजारो रुग्ण गेलेले आहेत हेही मला माहीत आहे. हा अनुभव खरा असतो आणि तो पैशानं विकत मिळत नाही.

माझी काळजी वेगळीच आहे. आजवर तिचं बोलणं तुमच्याशी झालेलंच नाही. ते झालंय ‘कोऑर्डिनेटर’ म्हणवणाऱ्या एका बाईंशी, तेही व्हॉट्सॲपवर. बाई गोड बोलतात, मेसेजला लगेच उत्तर देतात, आधी-नंतरचे फोटो पाठवतात, आणि या महिन्यात तारीख घेतली तर सवलत आहे असंही सांगतात. त्यांना रुग्णामागे कमिशन असेल तर त्याचं मला वाईट वाटत नाही, तो त्यांचा धंदा आहे. पण ‘डॉक्टर कोण?’ या प्रश्नाला ‘आमच्या टीममधले एक अतिशय अनुभवी सर्जन’ असं उत्तर आलं, तेव्हा मी तिला म्हटलं, इथे थांब. टीम पोट उघडत नाही. स्टेपलर एका माणसाच्या हातात असतो. त्या दिवशी तो हात तुमचाच असेल की ऐनवेळी दुसऱ्याचा, हे लेखी द्या.

तुमच्या देशात हे तपासण्याची सोय आहे, आणि ती फार कमी रुग्णांना माहीत असते. मेक्सिकोत प्रत्येक डॉक्टरला ‘सेदुला प्रोफेसिओनाल’ म्हणजे व्यवसायाच्या परवान्याचा क्रमांक असतो. तज्ज्ञ म्हणून काम करायचं तर त्या शाखेची दुसरी, वेगळी सेदुला लागते. शिक्षण मंत्रालयाची ही नोंदवही कुणालाही नाव घालून बघता येते. पहिली सेदुला असली म्हणजे माणूस डॉक्टर आहे एवढंच कळतं. सर्जन आहे की नाही ते दुसरीवरून कळतं. त्याशिवाय जनरल सर्जरीच्या मेक्सिकन कौन्सिलचं प्रमाणपत्र, जे एकदा मिळालं की संपलं असं नसतं, ठरावीक वर्षांनी नव्यानं घ्यावं लागतं. त्याशिवाय लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेच्या तिथल्या संघटनेचं सदस्यत्व. तुमचे हे क्रमांक मला पाठवा. खऱ्या सर्जनला या मागणीचा अपमान वाटणार नाही. आम्ही इथे मुलीचं स्थळ बघतानासुद्धा चार ठिकाणी चौकशी करतो.

आता मुद्द्याचं. स्लीव्ह म्हणतात त्या या ऑपरेशनमध्ये जठराच्या कडेनं स्टेपलची जी लांब ओळ पडते तिचं वरचं टोक अन्ननलिकेला जवळजवळ भिडतं. गळती झालीच तर बहुधा तिथेच होते. शंभरातल्या एका-दोघांना होते, म्हणजे फार नाही, आणि चांगल्या केंद्रांत या ऑपरेशननं मृत्यू होण्याचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास आहे. पण गळतीचा स्वभाव असा, की ती पुष्कळदा दवाखान्यात दिसत नाही. रुग्ण घरी पोहोचतो, चौथ्या-पाचव्या दिवशी बरं वाटतं, आणि मग आठव्या-दहाव्या दिवशी नाडी १२०च्या वर जाते, थोडा ताप येतो, डावा खांदा दुखू लागतो. खांदा दुखतोय म्हणून कोण घाबरतं? माझी बहीण तर वेदनाशामक गोळी घेऊन ऑफिसच्या मीटिंगला बसेल.

त्या दिवशी ती फीनिक्सला असेल आणि तुम्ही तिहुआनात, मधे सीमा. तिचा नवरा तिला जवळच्या इमर्जन्सीत नेईल. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे ते तिला दारातून परत पाठवू शकत नाहीत. पण तिथल्या डॉक्टरला काय केलंय ते कळणार कसं? म्हणून माझी मागणी आहे, की तिला घरी सोडताना ऑपरेशनचा पूर्ण अहवाल इंग्रजीत तिच्या हातात द्या. कोणतं ऑपरेशन केलं, जठर मापण्यासाठी आत कोणत्या जाडीची नळी घातली होती, स्टेपलची किती कार्ट्रिज लागली, गळतीची चाचणी केली का, रक्तस्राव झाला का. आणि त्यावर एक फोन नंबर, जो कोऑर्डिनेटरचा नसेल, तुमचा असेल. इमर्जन्सीतल्या डॉक्टरनं रात्री दोनला फोन केला तर तुम्ही स्वतः उचलाल, एवढं वचन द्या. गळती बरी करायला आठवडे जातात, नळ्या टाकाव्या लागतात, कधी अन्ननलिकेत स्टेंट बसवावा लागतो. वगळलेल्या ऑपरेशनच्या गुंतागुंतीचा खर्चही काही विमा योजना नाकारतात. तेव्हा तुमच्या पॅकेजमध्ये अशा वेळचा खर्च धरलेला आहे का, कुठल्या हॉस्पिटलात, किती दिवसांचा, हेही आधीच बोलूया.

ती तुमच्याकडे असतानाचं काय, तेही विचारते. इमारतीत आयसीयू आहे का? रात्री सीटी स्कॅन होतो का? रक्ताची सोय? भूल देणारे डॉक्टर वेगळे आहेत का, आणि झोपेत श्वास अडकणाऱ्या रुग्णाला ऑपरेशननंतर पहिल्या रात्री ते सीपॅपवर ठेवतात का? दिवसाला तुम्ही किती ऑपरेशनं करता? आकडा फार मोठा असेल तर मला धास्ती वाटते, तो अभिमानानं सांगितला गेला तर जास्तच. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊन त्या फुप्फुसात जाणं हे या शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूचं एक मोठं कारण आहे. तिला किती लवकर चालवणार, घरी सोडल्यावर रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं किती दिवस देणार, हे तिच्या परतीच्या विमानाची तारीख ठरण्याआधी ठरलं पाहिजे.

२०१९च्या जानेवारीत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं तिहुआनाला शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्यांना सावध केलं होतं. तिथून परतलेल्या काही रुग्णांच्या जखमांत स्यूडोमोनास नावाचा जिवाणू सापडला होता, ज्यावर कार्बापेनेमसारखी शेवटच्या फळीतली औषधंही चालत नव्हती. त्यांतल्या बहुतेकांनी वजनाचीच ऑपरेशनं करून घेतली होती. सर्जनचा हात कितीही चांगला असो, दुर्बिणीची लांब अवजारं दोन रुग्णांच्या मधे नीट निर्जंतुक झाली नाहीत तर त्या हाताचा उपयोग नाही. हे काम कोण करतं, कसं करतं, नोंद कोण ठेवतं, याचं उत्तर कोऑर्डिनेटर देऊ शकणार नाहीत. तुम्ही द्या.

आणखी एक विनंती आहे, कदाचित सर्वांत महत्त्वाची. तिच्यासाठी स्लीव्ह योग्य नसेल तर तिला नाही म्हणा. तिला ॲसिडिटीचा जुना त्रास आहे, रात्री आंबट पाणी वर येतं. स्लीव्हनंतर हा त्रास कित्येकांचा वाढतो, म्हणून अशा रुग्णांना पुष्कळ सर्जन जठराचा बायपास हे दुसरं ऑपरेशन सुचवतात. पण बायपास महाग, वेळ जास्त लागतो, आणि पॅकेजमध्ये सहसा स्लीव्हच असतं. आधी एंडोस्कोपी करून तिची अन्ननलिका बघणार का? बघून मत बदललं तर तारीख पुढे ढकलणार का? ‘हो, चालेल, या’ एवढंच म्हणणारे सर्जन मला नको आहेत. जो तिच्या शरीराकडे बघून एकदा तरी ‘थांबा’ म्हणू शकतो, त्याच्याच हाती तिला सोपवावंसं वाटतं.

तुमच्या शहरातल्या एका दवाखान्याकडून आलेला आहाराचा कागद मी वाचला. पहिले दोन आठवडे चिकनचं पाणी, नंतर अंडं, मासे. ती शाकाहारी आहे. रोज निदान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत आणि पोटात एका वेळी दोन-तीन चमचेच मावणार. वरणाचं पाणी, ताक, पनीर यांवर हे भागवणं सोपं नाही. पुष्कळ शाकाहाऱ्यांत बी-१२ मुळातच कमी असतं, ऑपरेशननंतर आणखी उतरतं. त्यात ती संकष्टी करते, आणि आमच्या आईनं तिला फोनवर सांगून ठेवलंय की साबुदाणा पचायला हलका असतो. आईला मी समजावेन. पण सतत उलट्या होत राहिल्या तर थायमिन कमी पडून काही आठवड्यांत मेंदूवर परिणाम होऊ शकतो, हे बहिणीला तुम्ही समजावून सांगा. लोह, कॅल्शियम, डी, बी-१२ आयुष्यभर घ्यायचं आहे, रक्त नियमित तपासायचं आहे, आणि ते कोण बघणार हे ऑपरेशनच्या आधी ठरायला हवं. फीनिक्समधल्या तिच्या नेहमीच्या डॉक्टरांना तुम्ही आधीच पत्र लिहिलंत तर निम्मी काळजी मिटेल.

नातेवाइकांचं म्हणणं, तिनं सरळ पुण्याला यावं. इथे उत्तम सर्जन आहेत, शाकाहारी रुग्ण त्यांना नवे नाहीत, आणि जपायला आम्ही सगळे आहोत. तरीही मी आग्रह धरलेला नाही. परतीचा प्रवास वीस तासांच्या पुढचा, नाजूक पोट आणि सुजणारे पाय घेऊन. महिनाभरानं ती फीनिक्सलाच असेल आणि तेव्हा पुण्याचे सर्जन तिच्यासाठी तुमच्यापेक्षाही लांबचे होतील. २०१७ साली इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाहून एमान अहमद यांना मालवाहू विमानातून वजनाच्या ऑपरेशनसाठी मुंबईत आणलं होतं ते आम्हा सर्वांना आठवतं. वजन सुमारे ५०० किलो सांगितलं जात होतं. मार्चमध्ये ऑपरेशन झालं. पुढे उपचारांवरून घरच्यांचं आणि डॉक्टरांचं बिनसलं, मेमध्ये त्यांना अबुधाबीला हलवलं आणि सप्टेंबरमध्ये त्या तिथेच वारल्या. दोष कोणाचा, यात मी पडत नाही. त्यांचा आजार कोणत्याही डॉक्टरला अवघड वाटावा असाच होता. पण परक्या देशात रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातला विश्वास तुटला की किती हाल होतात ते तेव्हा मुंबईनं बघितलं. म्हणून पुण्याच्या सर्जनांनाही मी हेच प्रश्न विचारले असते, याच शब्दांत.

एवढं लांब लिहिल्याबद्दल रागावू नका. तुमच्यासाठी ती त्या आठवड्यातली एक रुग्ण असेल, ते स्वाभाविक आहे. माझ्यासाठी ती माझी पाठची बहीण आहे. तिला अर्धा तास द्या, स्वतः, व्हिडिओवर, मधे कुणी न घेता. तिचे रिपोर्ट समोर ठेवून बोला. तिच्या प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे असतील तर मीच तिला सांगेन की जा, ऑपरेशन यांच्याकडेच करून घे.

आणि परदेशात सर्जन शोधणाऱ्या सगळ्या मराठी माणसांना कळकळीनं सांगते: ज्यांच्या हातून ऑपरेशन होणार आहे त्यांचं पूर्ण नाव, त्यांचा परवाना आणि त्यांचा स्वतःचा फोन नंबर हाती आल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नका. सवलतीची मुदत संपली तर संपू द्या.

आपली,
रुग्णाची थोरली बहीण
नाशिक