न गेलेल्या बाईंचं मार्सेय

फ्रान्सला एकटी जाणार म्हटल्यावर घरचे ‘बरं’ म्हणाले. पॅरिस नाही, मार्सेय, असं सांगितल्यावर मात्र काळजी सुरू झाली. मुलानं त्या शहरातल्या अमली पदार्थांच्या टोळ्यांच्या बातम्या शोधून पाठवल्या. नवरा म्हणाला, “सावरकरांनी तिथं उडी मारली त्याला कारण होतं. तुझं काय?”

आपल्याकडे ‘मार्सेलिस’ ठाऊक असतं ते त्या उडीपुरतंच. ८ जुलै १९१०, ‘मोरिया’ बोट, पोर्टहोल, किनाऱ्यावर पुन्हा अटक आणि पुढच्या वर्षी हेगच्या लवादानं ब्रिटिशांच्या बाजूनं दिलेला निकाल. त्याच्या आधी आणि नंतर तिथं एक अख्खं शहर नांदतंय, ग्रीक खलाशांनी अडीच हजार वर्षांपूर्वी वसवलेलं, हे कुणी सांगत नाही. मला सांगितलं माझ्या फ्रेंचच्या बाईंनी. नवऱ्याच्या प्रश्नाचं खरं उत्तरही बाई हेच होतं, पण ते एका वाक्यात सांगण्यासारखं नव्हतं.

मी बँकेत क्लार्क होते तेव्हाची गोष्ट. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाच्या परकीय भाषांचे वर्ग संध्याकाळी भरत. जर्मन घेणाऱ्यांना शहाणं समजत, कारण कंपन्यांत काम मिळे. मला फ्रेंच मिळालं कारण जर्मनची बॅच भरली होती. वर्गावर बाई आल्या, पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि पिशवीतून फ्रेंच रेल्वेचं जीर्ण वेळापत्रक काढलं. परदेशी जाऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून बाई अत्तरं, चॉकलेटं घेत नसत, वेळापत्रकं मागवत. मग कुणालाही उभं करायच्या. “तू पॅरिसला गार द ल्यों स्टेशनवर आहेस. मार्सेयची गाडी चुकली. खिडकीतला माणूस वैतागलेला आहे. बोल.” आम्ही तत-पप करायचो. बाई हसायच्या नाहीत आणि सोडायच्याही नाहीत. गाडी मिळेपर्यंत खाली बसायचं नाही.

परीक्षेच्या वर्षी मला दिवस गेले आणि वर्ग सुटला. मी काही कळवलंसुद्धा नाही. तेव्हा अशी सुटलेली शिक्षणं कुणी मोजत नसे. पण बाई मोजत होत्या. कोथरूडला राहणाऱ्या एका वर्गमैत्रिणीच्या हाती त्यांनी सरावाचे कागद पाठवायला सुरुवात केली. मी रात्री पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून ते सोडवायचे, मैत्रीण परत न्यायची, आठवड्यानं ते हिरव्या शाईत न्हाऊन यायचे. एकदाही चिठ्ठी नाही, ‘कशी आहेस’ नाही. फक्त चुका आणि त्यांच्यापुढे बरोबर रूप. त्या घरात तेव्हा सगळं सगळ्यांचं होतं, तेवढे कागद माझे होते. मी परीक्षेला बसले आणि पास झाले. पुढे बँकेत त्या फ्रेंचचा काडीचा उपयोग झाला नाही.

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर गेल्या वर्षी बाईंना शोधत कर्वेनगरला गेले. ऐंशी ओलांडलेली, कानाला यंत्र, बाकी सगळं जागच्या जागी. तिथं कळलं की बाई फ्रान्सला कधी गेल्याच नाहीत. एकदा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला होता, घरून नाही म्हणाले. विषय त्यांनी एवढ्यावरच मिटवला. मी गप्प झालेली पाहून म्हणाल्या, “मी गेले नाही म्हणून मला सगळं पाठ आहे. जाऊन आलेल्यांना हॉटेलातला नाश्ता आठवतो.”

तिथून आमची या प्रवासाची आखणी सुरू झाली. व्हिसाचं मी फार सांगत नाही. ९० युरो फी, ३० हजार युरोंचा विमा, बँकेची स्टेटमेंटं, परतीचं तिकीट आणि बोटांचे ठसे, झालं. अवघड होतं ते बाईंसमोर. विमानानं थेट मार्सेयला उतरायचं त्यांनी साफ नाकारलं. पॅरिसहून रेल्वेनंच जायचं. जवळजवळ साडेसातशे किलोमीटर, गाडी सव्वातीन-साडेतीन तासांत पोचवते. २००१ साली वेगवान मार्ग पुरा झाल्यापासून. त्याआधीची वेळापत्रकं बाईंकडे होती, तेव्हा ही बातमी त्यांना जराशी खुपलीच. जायचं मे महिन्यात, उन्हाळी गर्दीच्या आत. मिस्त्राल नावाचा कोरडा, बोचरा वारा सुटतो, म्हणून स्वेटर. पोचायचं उजेडी. आणि स्टेशनापासून खोलीपर्यंतची वाट तोंडपाठ हवी. रस्त्यात उभं राहून फोनमध्ये डोकं घालणारी बाई चोराला लांबून दिसते.

ती वाट पाठ करायला मी लॅपटॉप नेला. स्ट्रीट व्ह्यू हा प्रकार बाईंना माहीत नव्हता. सें-शार्ल स्टेशन उंचावर आहे, तिथून शहरात उतरायला भव्य दगडी जिना. “१०४ पायऱ्या,” बाई लगेच म्हणाल्या, “पर्वतीपेक्षा एक जास्त.” मी बाण दाबत निघाले. बुलव्हार दातेन उतरून कानबिएर रस्त्याला लागले की उजवीकडे वळायचं आणि सरळ जुन्या बंदरावर. बाई खुर्ची ओढून पडद्याला जवळजवळ नाक लावून बसल्या. “थांब. मागे घे. ती ट्राम नव्हती.” नकाशे पाठ असलेल्या बाईंना दुकानांच्या पाट्या, भिंतींवरची रंगरंगोटी, बाकावर झोपलेला माणूस हे सगळं नवं होतं. आम्ही बंदरावर पोचलो तोवर कामवाली येऊन भांडी घासून गेली होती.

पाण्याकडे बघत बाईंनी मला एक जुना हिशेब समजावला. मुंबईहून सुएझमार्गे निघालेली पी अँड ओ कंपनीची टपालबोट इथं लागायची. ज्यांना घाई असे ते इथं उतरून रेल्वेनं कॅले गाठत आणि जिब्राल्टरचा वळसा वाचवत. लंडनला काही दिवस आधी. १९३१च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजीही इथंच उतरले. “म्हणजे आपल्या लोकांनी युरोपात पहिलं पाऊल पॅरिसमध्ये नाही, इथं टाकलं,” बाई म्हणाल्या. त्यात कुठलाही सूर नव्हता, त्या फक्त धडा सांगत होत्या.

खोली ठरवायला मेल पुरली असती, पण बाईंनी फोन करायला लावला, आणि स्पीकरवर. पलीकडची बाई दक्षिणी हेल काढून भराभर बोलली, माझा घसा कोरडा पडला. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मदत मिळणार नव्हती. मग मी नीट विचारलं, मजला कितवा, लिफ्ट आहे का, रात्री दार कोण उघडतं. तीन वेळा ‘पुन्हा सांगा’ म्हणाले, लाज न वाटता. फोन ठेवल्यावर बाई म्हणाल्या, “एक क्रियापद चुकलं. खोली मात्र मिळाली.”

त्यांना काय आणू, हे मी विचारून पाहिलं. तिथला ऑलिव्ह तेलाचा साबण प्रसिद्ध आहे, तो सांगितला. “मला हमाम पुरतो.” त्याऐवजी दुसऱ्या दिवशी फुलस्केप कागद हातात आला. जुन्या बंदरावर रोज सकाळी कोळी बोटींतून मासे आणून विकतात. तिथं विक्रेत्यांना विचारायचे प्रश्न त्यावर होते, उत्तरांसाठी रेघा मारून. बुयाबेस या माशांच्या रश्शासाठी रास्कास मासा का लागतोच? जन्मभर अंडंही न शिवलेल्या बाईंना हे कशाला हवं, मी विचारलं नाही. वारा सुटला की बोटी बाहेर काढतात का? भाव कोण ठरवतं, नवरा की बायको? आणि शेवटी, तुमची मुलं हा धंदा करणार का?

हे शेवटचे दोन प्रश्न अनोळखी माणसांना विचारणं बरं दिसणार नाही, खोडा, असं मी म्हणाले. बाईंनी हिरवं पेन काढलं, दोन्ही प्रश्न पुन्हा वाचले आणि त्यांपैकी एकातलं एक क्रियापद दुरुस्त केलं.