गुडघ्यातल्या दोन गाद्या

मराठीने गुडघ्याला फारसा मान दिलेला नाही. अक्कल तिथे असली की माणूस मूर्ख, बाशिंग तिथे बांधले की उतावळा, आणि तोच टेकला की पराभूत. त्या सांध्याच्या आत काय असते याविषयी आमचे शब्दभांडार याहून मोठे नव्हते.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन चांदबिबी महाल पाहायला गेलो. (महाल चांदबिबीचा नव्हेच, निजामशाहीतील वजीर सलाबतखानाची ती कबर. नगरकर चुकीचे नाव प्रेमाने चालवतात, आम्हीही.) उतरताना ओल्या पायरीवर पाऊल जागीच राहिले आणि देह वळला. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला.

सावेडीत अस्थिरोगतज्ज्ञांचा तोटा नाही. एका दवाखान्यात ऐकले, ‘गादी फाटली आहे, दुर्बिणीतून तेवढा भाग काढून टाकू.’ दुसरीकडे तोच एमआरआय पाहून सांगण्यात आले, ‘गादी झिजली आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही.’ आठवडाभर आम्ही या दोघांपैकी लबाड कोण, याचाच विचार करीत होतो. शब्दांचे अर्थ शिकवण्यात तीस वर्षे घालवलेल्या माणसाला तो एकच शब्द तपासावासा वाटला नाही, याची आता लाज वाटते.

कोडे सोडवले ते फिजिओथेरपिस्ट झालेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने. ‘सर, गाद्या दोन आहेत,’ तो म्हणाला आणि अहवालाच्या पाकिटावरच त्याने चित्र काढले. हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर असतो, ती सांध्याची कूर्चा. दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीसारख्या दोन चकत्या, ते मेनिस्कस. आमची चकती फाटली होती आणि थरही थोडा झिजला होता. दोन्ही डॉक्टर खरे बोलत होते.

थराचे दुखणे अधिक चमत्कारिक. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून जखम भरत नाही; मज्जातंतू नाहीत, म्हणून ती कळतही नाही. वेदना होते ती भोवतालच्या आवरणाला आणि खालच्या हाडाला, म्हणजे उशिरा. नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, हे विल्यम हंटर या शल्यविशारदाने १७४३ मध्येच नोंदवून ठेवले आहे. हाडाला बारीक छिद्रे पाडली तर रक्त येऊन तिथे नवा थर धरतो, पण तो मूळच्यापेक्षा भरड आणि कमी टिकाऊ. रुग्णाच्याच पेशी बाहेर वाढवून रोपण्याची पद्धत स्वीडनमधील डॉक्टरांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. ती मर्यादित खड्ड्यांसाठी, सरसकट झिजलेल्या गुडघ्यासाठी नव्हे.

राहिली चकती. तिच्या बाहेरच्या कडेला रक्त पोचते, म्हणून तरुण वयातली तिथली ताजी फाट शिवता येते. आमची आतल्या बाजूची, वयाने विरलेली. पायरी केवळ निमित्त. अशा झिजेच्या फाटीत चकतीचा तुकडा काढणे आणि नुसता काढल्याचा देखावा करणे, यांचा वर्षभरानंतरचा परिणाम सारखाच, असे फिनलंडमधील २०१३ च्या चाचणीत दिसले होते. आमचा गुडघा अडकतही नव्हता. आम्ही शस्त्रक्रिया नाकारली.

मग तीन महिने मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. कूर्चेचे पोषण सांध्यातल्या द्रवातून, दाब पडून सुटताना होते. तेव्हा अंथरूण धरणे हे पथ्य नव्हेच. रोज संध्याकाळी प्रोफेसर कॉलनी चौकापर्यंत चालणे सुरू झाले. वजन सहा किलो उतरले. मांडी घालून बसणे मात्र गेले ते गेलेच. घरी महिन्याच्या वाचनाला मुले सतरंजीवर बसतात आणि आम्ही एकटे वर खुर्चीत. पहिल्या दिवशी एकाने विचारले, ‘सर, आज अध्यक्षीय भाषण आहे का?’