ठमीची जाहिरात

‘अतिशय शांत, मुलांमध्ये छान रमते, घरात घाण करत नाही.’ ठमीला घर मिळावं म्हणून मी लिहिलेल्या जाहिरातीतलं हे वाक्य. त्यातलं शेवटचं तेवढं खरं होतं, आणि तेही ती जागची फारशी उठतच नसे म्हणून.

ठमी काळी, गावठी, मोठी झालेली मादी. दत्तक घेणाऱ्यांच्या लेखी या सगळ्याच उण्या बाजू. कुणी भाडेकरू खोली रिकामी करून गेले ते हिला मागच्या बोळात बांधूनच गेले. नायलॉनची दोरी मानेत रुतून वर कातडी यायला लागली होती, आत अळ्या. डॉक्टरांनी चिमट्याने एकेक काढल्या. जखम भरली, लसी झाल्या, नसबंदी झाली, आणि पुष्कळांनी विचारलं, आता सोडून का देत नाही? 2023च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी केलेलं भटकं कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं, आणि ते योग्यच आहे. तिथे त्याचा इलाका असतो, ओळखीचा चहावाला असतो. ठमीला इलाका नव्हताच. बोळ आणि दोरी, एवढंच.

माझ्या घरी ती मोरीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसायची. हात फिरवला तरी हलायची नाही. ‘बघा किती सोशिक,’ असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची. ती सारखी ओठ चाटायची, झोप नसताना जांभया द्यायची, डोळ्यांचं पांढरं दिसेल असं तिरकं बघायची. टुरिड रुगास या नॉर्वेच्या प्रशिक्षिकेने कुत्र्यांच्या या खुणांवर लिहिलेलं पुस्तक माझ्या कपाटात होतं, वाचलेलंही होतं. पण हे कुत्रं भीतीने थिजलंय असं कबूल केलं, तर ते कित्येक महिने माझ्याकडेच राहणार होतं. माझी आधीचीच दोन होती आणि सोसायटीत कुरकुर सुरू झाली होती. (सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, हे मला पाठ आहे. पण रोज लिफ्टमध्ये भांडायलाही अंगात जोर लागतो.)

एकदा भाऊजी झाडू उचलायला वाकले तेव्हा ती दात दाखवून गुरगुरली. ते मी कुणालाच सांगितलं नाही.

पहिलं घर मिळालं ते दिवाळीच्या तोंडावर. माणसं खरोखर चांगली, फ्लॅट मोठा, धाकटा मुलगा तर कधीपासून कुत्रं मागत होता. फटाके संपेपर्यंत थांबू या, असं मनात आलं होतं. पण दिवाळीनंतर त्यांचं मन बदललं तर? सोडायला गेले तर घरात नातेवाईक जमलेले, तिच्यासाठी केक आणलेला, प्रत्येकाला तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता. मी फोटो काढत होते. एकातही तिची शेपटी दिसत नाही, ती पोटाखाली गेलेली.

फटाके सुरू झाल्यावर ती पलंगाखाली गेली ती बाहेर येईना. मुलाने तिला पोळी द्यायला आत हात घातला आणि ती चावली. दात चांगले रुतले. ठमीला लस दिलेली असली तरी मुलाला जखमेत सिरम आणि पुढे इंजेक्शनं घ्यावी लागली. त्याच्या आईचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. ‘ताई, हे तुम्हाला आधी माहीत होतं का हो?’

मी ‘नाही’ म्हणाले.

हे खोटं मला त्या चाव्यापेक्षा जास्त जड गेलं. पुढे बऱ्याच दिवसांनी फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि फोन ठेवला. यापेक्षा वेगळं त्यांनी काय म्हणायला हवं होतं, मला माहीत नाही.

चाव्यानंतर ठमी परत आली आणि मी दुसऱ्या टोकाला गेले. भलामोठा फॉर्म केला. भाड्याचं घर असेल तर नाही, नवरा-बायको दोघं नोकरी करत असतील तर नाही, एकटी मुलं नकोत, गावाकडची माणसं तर नकोतच, दारात बांधून ठेवतील. कुणाच्याही घरी न जाता घरबसल्या मी हे ठरवत होते. तोवर ठमीला कुत्र्यांच्या पाळणाघरात ठेवलं. तिथे दिवसभर भुंकणं, जाळीपलीकडून अंगावर येणारी मोठी कुत्री. मोरीच्या कोपऱ्यात निदान झोपायची, तिथे तेही गेलं. पुढचे पाय चाटून चाटून तिने केस घालवले.

कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास केलेल्या एका ओळखीच्या बाईंनी माझं सगळं पुराण ऐकून घेतलं. तिला पुरुषांनी मारलंय, दारुडा मालक असणार, वगैरे. मग त्यांनी विचारलं, ‘हे तू पाहिलंस?’ पाहिलं काहीच नव्हतं. माणसांना दया यावी म्हणून मी तिचा भूतकाळ रचला होता आणि पुढे स्वतःच त्यावर विश्वास ठेवायला लागले होते. त्यांनी वहीत फक्त दिसेल ते लिहायला लावलं. वही भरत गेली तसं लक्षात आलं की पुरुषांचा प्रश्नच नव्हता. डोक्यावरून येणारा हात, झाडू-काठी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दारात उभं राहिलेलं माणूस. बाहेर पडायची वाट अडली की ती आधी थिजायची, मग गुरगुरायची. वाट मोकळी असेल तर मुकाट उठून निघून जायची. भाऊजी झाडू घ्यायला वाकले होते ते मोरीच्या दारातच.

नवी जाहिरात लिहिली ती या वहीवरून. पहिल्या ओळीत ‘चावलेली आहे’. फोन जवळजवळ बंद झाले. जे आले त्यात भोरजवळच्या एका गावातून शिवणकाम करणाऱ्या एका काकूंचा होता. माझ्या फॉर्मात त्या पहिल्याच चाळणीत गळल्या असत्या. त्यांनी ‘बिचारी’ वगैरे काही म्हटलं नाही. विचारलं, ‘दार सोडून बसलं की काही करत नाही ना? मग मशीन सरकवते मी.’

त्यांची खोली मी पाहून आले. पुढचं दार आणि परसदार समोरासमोर, दोन्ही दिवसभर उघडी, परसाला तारेचं कुंपण. काकू सकाळपासून मशीनवर, एकाच जागी, मशीनचा एकसुरी आवाज. येणाऱ्या बाया ओट्यावरूनच माप देतात. या वेळी मी घाई केली नाही. काकू आधी पाळणाघराबाहेर येऊन नुसत्या बसून गेल्या, ठमीकडे न बघता उकडलेल्या कोंबडीचे तुकडे टाकत. कितव्या खेपेला कोण जाणे, ठमी त्यांच्या चपला हुंगून गेली. नेताना हार्नेसला एक आणि पट्ट्याला एक अशा दोन दोऱ्या लावल्या, कारण घाबरलेली कुत्री नव्या जागेतून सुरुवातीलाच पळतात. खाली घालायची चादर न धुता बरोबर दिली. करारात लिहिलं की जमलं नाही तर कधीही, अपरात्रीसुद्धा, मला फोन करायचा. रस्त्यावर सोडायचं नाही, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही.

अपरात्री फोन आला नाही. आला तो भरदुपारी. फॉल-पिकोला आलेल्या एका साडीचा पदर ठमीने चघळून ठेवला होता आणि साडीवाली ओट्यावर बसून होती. अर्धे पैसे मी पाठवले. काकू म्हणाल्या, ‘तुमच्या त्या करारात हे कुठं लिवलंय का बघा जरा.’