आसूड, पीस आणि अरुणावतीचं पाणी



हरभरा पेरून झाला, पऱ्हाटीचा पहिला वेचा घरात आला, की संध्याकाळचा एखादा तास मोकळा सापडतो. तो मी अरुणावतीच्या काठावर घालवतो. तोवर पाण्याचा गढूळपणा गेलेला असतो, काठाजवळ तळाचे गोटे दिसायला लागतात. आजची नोंद वावरातली नाही, गळाची आहे. पण ती फिरून फवारणीवरच येते, म्हणून कृषीवाल्या मित्रांनीही शेवटपर्यंत वाचावी.

आपल्याकडं गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावायची, पाण्यात सोडायची आणि बसायचं. फ्लाय फिशिंगमध्ये खरं आमिष नसतंच. बारीक गळावर दोऱ्यानं पीस गुंडाळून किडा बनवतात. कोंबड्याच्या मानेचं पीस त्याला उत्तम. हा प्रकार आपल्या देशात इंग्रज साहेबांनी आणला. मद्रास इलाख्यातले अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस यांचं भारतातल्या गळाच्या मासेमारीवरचं पुस्तक १८७३ सालचं आहे. त्यांचा सगळा जीव महसीर माशावर. पुढं हाच महसीर इतका कमी झाला, की टाटांना लोणावळ्याजवळ वळवणला त्याची पिल्लं वाढवायचं केंद्र काढावं लागलं. १९७० च्या दशकापासून तिथं हे काम चालू आहे.

महागडी काठी लागते असं समजू नका. जपानमध्ये तेनकारा नावाची जुनी पद्धत आहे. त्यात रीळ नसतं. लांब काठी, टोकाला बांधलेली दोरी आणि एक पिसाचा किडा, बस. म्हणजे आपली वेळूची काठीच की! फरक दोरीत आहे. मी नायलॉनचा धागा वळून घेतो. काठीकडं तीन पदर, मध्ये दोन, शेवटी एकच. जाडीकडून बारीककडं.

असं का, ते आपल्या भाषेत सांगतो. नेहमीचा गळ म्हणजे गोफण. वजन दगडात असतं, दगड दोरी ओढत नेतो. पिसाच्या किड्याला वजनच नाही, म्हणून इथं आसूड चालवावा लागतो. वजन दोरीत, झटका मनगटात. काठी मागं न्यायची, खांद्याच्या जरा मागं गच्च थांबवायची, दोरी मागं पूर्ण सरळ होऊ द्यायची आणि मगच पुढं. ही मधली थांबण्याची घटका सगळ्यात महत्त्वाची. घाई केली की दोरीचा गुंता पायाशी. शेजारच्या वावरातला एक जण पाहून म्हणाला, "काय भाऊ, पाण्याले आसूड मारून राह्यला का?" म्हटलं, हो, पण पाण्याले लागला नाही पाहिजे. किडा वरून अलगद पडला पाहिजे.

आणखी दोन गोष्टी. मासा वाहत्या पाण्यात तोंड वरच्या अंगाला करून उभा राहतो, कारण खाणं तिकडून वाहत येतं. म्हणून आपण खालच्या अंगानं जायचं. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही आणि पाय आपटायचे नाहीत. काठाची धमक माशाला अंगानं कळते.

पण खरी कला फेकण्यात नाही, पाहण्यात आहे. आज पाण्यावर कोणता किडा आहे, तेवढाच आणि तसाच किडा गळावर पाहिजे. म्हणून आधी अर्धा तास नुसतं बसायचं. एखादा गोटा उलटून पाहायचा. त्याच्या पोटाला चपटे, शेपटीला दोन-तीन धागे असलेले बारके जीव चिकटलेले दिसतात. ती मेफ्लायची पिल्लं. महिनोन्‌महिने पाण्यात वाढतात, मग पंख फुटून बाहेर येतात आणि एखाद-दोन दिवसांत मरतात. पंख फुटल्यावर ते काही खात नाहीत, खायला धड तोंडच नसतं. चतुराची पिल्लंही याच पाण्यात वाढतात. सोयाबीनवर घिरट्या घालून बारके किडे टिपणारा चतुर वावरात नाही, नाल्यात जन्मतो.

दिवसभर वावरात आपण किडा पाहतो तो नुकसानीची पातळी मोजायला. काठावर तोच डोळा किड्याकडं भाकर म्हणून पाहतो. त्यामुळं मला एक गोष्ट दिसते. ज्या नाल्याच्या तोंडाशी फवारणीचे पंप धुतले जातात, तिथले गोटे उलटले तर पोट कोरं असतं. खाली उतरून दुसऱ्या वळणावर पाहिलं तर जीव असतात. ही माझी नजर आहे, प्रयोगशाळा नाही. पण सायपरमेथ्रिन, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन ही औषधं मासे आणि पाण्यातल्या किड्यांना फार विषारी आहेत, हे पक्कं माहीत असलेलं आहे. इमिडाक्लोप्रिड पाण्यात विरघळतं आणि मेफ्लायची पिल्लं त्याला फार नाजूक. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेत आपल्या जिल्ह्यानं माणसं गमावली. अंगावर पडलेलं विष आता आपल्याला कळतं. पाण्यात गेलेलं अजून दिसत नाही.

म्हणून माझ्या वावरात काही गोष्टी ठरलेल्या आहेत. पंप आणि डबा तीनदा खंगाळायचा, ते पाणी त्याच पिकावर फवारायचं, नाल्यावर न्यायचं नाही. नाल्याकडच्या धुऱ्यावरचं गवत राखायचं आणि तिकडचे काही तास औषधाविना सोडायचे. आभाळ भरलेलं असेल तर पंप खांद्यावर घ्यायचा नाही.

गळाचेही नियम आहेत. पावसाळ्याच्या तोंडी मासळी अंड्यावर असते, तेव्हा काठी आढ्याला. लाल पिल्लांच्या थव्याखाली मरळ राखण करत असते, तिला धरायचं नाही. सोडायचा मासा ओल्या हातानं धरायचा, नाहीतर त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. तलावावर ज्यांचा ठेका आहे त्यांना विचारूनच बसायचं.

या आठवड्यात तुमच्या नाल्यातला एक गोटा उलटून पाहा. पोटाला काय चिकटलंय ते लिहून कळवा, गावाच्या नावासकट. काहीच नसेल तर तेही कळवा.