तळहाताएवढे रबर

या कुटुंबाच्या पानावर मुलांच्या शिक्षणाविषयी, घरखर्चाविषयी, आजारपणाविषयी पुष्कळ लिहून येते. मोटारसायकलच्या टायरविषयी कोणी लिहिल्याचे मला आठवत नाही. टायर हा काय कुटुंबाच्या पानावर लिहिण्याचा विषय झाला, असे कोणी म्हणेलही. पण आमच्या कारंजा लाड येथील कोणत्याही वस्तीत सकाळी सात वाजता उभे राहून पाहा. गवंडीकामाला निघालेला, बाजार समितीत हमालीला जाणारा, कामरगावच्या शाळेवर जाणारे मास्तर, अंगणवाडीताईला उंबर्डा बाजारला सोडायला निघालेला तिचा नवरा, सगळे मोटारसायकलवर! मूर्तिजापूर-यवतमाळ धावणारी शकुंतला आपल्या कारंजावरून जायची, तीही बंद पडली. समृद्धी महामार्ग गावाजवळून गेला, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. एसटी आहे, पण ती मजुरीच्या वेळेला येईलच असे नाही. म्हणजे कमावत्या माणसाची रोजीरोटी दोन चाकांवर चालते, आणि त्या दोन चाकांचा रस्त्याशी संबंध येतो तो फक्त दोन ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी तळहाताएवढे रबर! बाकी सारी गाडी हवेतच असते म्हणा ना.

आपल्या घरात टायरचा नंबर नेहमी शेवटी लागतो. आधी मुलांची फी, मग किराणा, मग दवाखाना, मग गाडीचा हप्ता, मग पेट्रोल. यात चूक काही नाही, गरिबाच्या घरात असेच चालणार. पेट्रोल संपले तर गाडी जागची हलत नाही, म्हणून पेट्रोलला पैसे निघतात. टायर मात्र गोटा झाला तरी फिरत राहतो, म्हणून त्याला पैसे निघत नाहीत. "काय भाऊ, टायर तं अजून लय चालते," हे वाक्य मी आमच्या वस्तीत किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि दिवसभर कचेरीत आकडेच लिहितो. म्हणून हा प्रश्न प्रथम आकड्यांतच मांडतो. टायरच्या दुकानात दोन प्रकारचे गिऱ्हाईक येते. एक विचारतो, "जास्त किलोमीटर कोणता चालते?" दुसरा, फार थोडे, विचारतो, "पकड कोणाची चांगली?" या दोन गोष्टी एकाच टायरमध्ये पुरेपूर मिळत नाहीत. रबर मऊ असेल तर ते डांबराच्या बारीक खड्ड्यांत शिरते आणि रस्ता धरून ठेवते, पण धरता धरता झिजते. रबर टणक असेल तर पुष्कळ दिवस टिकते, पण ओल्या रस्त्यावर त्याची धरण्याची ताकद कमी पडते. कंपन्यांनी कारखान्यात सिलिका वगैरे घालून दोन्ही साधण्याचे प्रयत्न केले आहेत. मधल्या पट्टीत टणक आणि दोन्ही कडांना मऊ रबर असलेले टायरही निघाले आहेत, पण ते महाग पडतात.

आता हिशेब पाहा. समजा, दोन हजारांचा टणक टायर पंचवीस हजार किलोमीटर चालला, तर किलोमीटरला आठ पैसे पडले. तेवढ्याच किमतीचा मऊ टायर सोळा हजार चालला, तर साडेबारा पैसे पडले. फरक साडेचार पैशांचा. रोज चाळीस किलोमीटर आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर बारा हजार किलोमीटर होतात. म्हणजे वर्षाला पाचशे चाळीस रुपये, दिवसाला दीड रुपया. त्याच बारा हजार किलोमीटरला, गाडी साठचा ॲव्हरेज देत असली तरी दोनशे लिटर पेट्रोल लागते आणि आजच्या भावाने वीस हजारांच्या वर जाते. वीस हजार आपण मुकाट्याने जाळतो आणि पाचशे चाळीसपाशी अडतो! दिवसाचा दीड रुपया म्हणजे खऱ्याच्या पुडीच्या किमतीतही बसत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या एका गवंड्याने पुढच्या चाकाला कोणाकडून तरी जुना टायर घेऊन बसवला होता. मृगाचा पहिला पाऊस पडला. दारव्हा रोडवर वळणावर ट्रॅक्टरने शेतातली काळी माती डांबरावर आणून टाकली होती. समोरून रोही आडवा आला, याने पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी खालून निघून गेली. मांडीचे हाड मोडले. रॉड टाकावा लागला. चार महिने मजुरी बंद. दवाखान्याची कागदपत्रे करण्यासाठी मी त्या घरी जात-येत होतो. एके दिवशी त्याची बायको मला म्हणाली, "दादा, टायरचे पैसे म्या देले असते. गटात होते माहे. पन मले कोनं सांगतलंच नाई." हे वाक्य मला त्या एक्स-रेपेक्षा जड वाटले. पैसे घरात होते. टायर खराब आहे ही गोष्टच घरात आली नव्हती.

म्हणून हा लेख गाडी चालवणाऱ्यापेक्षा त्याच्या मागे बसणाऱ्या भगिनींसाठी जास्त आहे. टायर पाहायला मेकॅनिक व्हावे लागत नाही. गाडी स्टँडवर लावा आणि टायरच्या खाचेत रुपयाचे नाणे उभे धरा. कायद्याने दुचाकीच्या टायरची खाच किमान ०.८ मिलिमीटर खोल असावी लागते. ही खोली त्या नाण्याच्या जाडीपेक्षाही कमी आहे. माझे मत विचाराल तर तिथपर्यंत थांबूच नये, पावसाळ्याआधी खाच नाण्याच्या जाडीएवढी राहिली की टायर बदलावा. खाचेच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आला, की त्याचे आयुष्य संपले असे कारखान्यानेच सांगून ठेवलेले आहे. नंतर कडेला पाहा. बाजूच्या रबराला बारीक भेगा पडल्या असतील, तर खाच कितीही खोल असो, तो टायर म्हातारा झाला.

खाचा शोभेसाठी नसतात हेही सांगितले पाहिजे. कोरड्या गुळगुळीत रस्त्यावर गोटा टायरही चालून जातो, म्हणूनच आपली फसगत होते. पाऊस पडला की टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा येतो. खाचा ते पाणी बाजूला काढून देतात, तेव्हा रबर डांबराला टेकते. खाचाच नसतील तर गाडी पाण्यावर चालते. त्यातही पहिल्या पावसाचा पहिला अर्धा तास सर्वांत वाईट. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेली धूळ, सांडलेले तेल, सगळे मिळून त्याचा राप तयार होतो. चांगला जोराचा पाऊस येऊन तो धुऊन निघाला की रस्ता बरा होतो. आणि आपली काळी माती! तिच्यासमोर नवा टायरही हात टेकतो, कारण ती खाचांतच जाऊन बसते आणि नवा टायर घटकेत गोटा होतो. पोहा, धनज, मानभाकडचे लोक मडगार्डमधला चिखल काडीने काढत बसलेले आपण पाहतोच. शेतातून डांबरावर आल्यावर दोन मिनिटे थांबून टायर साफ करावा आणि पुढचे थोडे अंतर हळू जावे, याला दुसरा इलाज नाही.

आता पुढचा आणि मागचा. आपल्याकडे समज असा आहे की ओझे मागे असते, म्हणून चांगला टायर मागे पाहिजे, पुढे काहीही चालेल. मागचा लवकर झिजतो हे खरे, कारण इंजिनाची ओढ त्यावर असते. पण ब्रेक लावताच गाडीचे वजन पुढे येते आणि गाडी थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे चाक करते. मागचे चाक घसरले तर पुष्कळदा माणूस सावरतो. पुढचे घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही. तेव्हा पुढच्या टायरला पकड पाहून पैसे घाला. मागचा जास्त टिकणारा घेतला तरी चालेल, मात्र खाचा दोन्हीकडे हव्यात. शक्यतो दोन्ही एकाच कंपनीचे घ्यावेत. पुढच्या चाकाचा लांब पट्ट्यांचा टायर वळण धरायला केलेला असतो, तो मागे बसवू नये. हल्ली पोरांना बटन टायरची हौस आहे. ज्याची रोजची वाट खरोखर शेतातून जाते त्याने तो जरूर घ्यावा. पण ज्याला डांबरावरूनच जायचे आहे त्याच्या गाडीला बटन टायर म्हणजे रस्त्याला लागणारे रबर कमी, आवाज जास्त आणि झीजही जास्त.

दुकानात गेल्यावर टायरची कड वाचायला शिका. आपण शिकलेली माणसे आहोत, वाचल्याशिवाय कशावर सही करू नये हे आपल्याला घरातूनच सांगितलेले असते, मग वाचल्याशिवाय टायर तरी का घ्यावा? आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणाऱ्या स्प्लेंडरच्या नव्या गाड्यांना ८०/१००-१८ हे माप येते. ऐंशी मिलिमीटर रुंदी, रुंदीच्या शंभर टक्के उंची आणि अठरा इंची रिम. जुन्या गाड्यांवर २.७५-१८ असे इंचात लिहिलेले असायचे. त्यापुढचा आकडा वजनाचा असतो. ४७ म्हणजे १७५ किलो आणि ५४ म्हणजे २१२ किलो. हे वजन एका टायरचे, आणि त्यात गाडीचाही भार आला. नवरा, बायको, दोन पोरे आणि बाजाराची थैली असा संसार एका गाडीवर लादताना हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा. कायदा तर दोनच माणसांना परवानगी देतो.

त्याच कडेवर एका लहान लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर न वापरताही म्हातारे होते, टणक होते. टायर आपल्या नागपूरजवळच्या सिएटच्या कारखान्यातून आलेला असो की मदुराईहून आलेला टीव्हीएसचा असो, तो दुकानाच्या माळ्यावर किती वर्षे तापत पडला होता हे या चार आकड्यांवरूनच कळते. तीन-चार वर्षांपूर्वीचा माल सवलतीत मिळत असला तरी घेऊ नका. आयएसआयचे चिन्ह पाहा, बिल मागा. दुकानदार कुरकुर करील, करू द्या.

ट्यूबचा टायर असेल तर नव्या टायरबरोबर ट्यूबही नवी टाकावी. जुनी ट्यूब ताणलेली असते, नव्या टायरमध्ये तिच्या घड्या पडतात आणि घडीवरच ती फाटते. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर हवा बहुधा हळूहळू जाते, गाडी रस्त्याकडेला घ्यायला उसंत मिळते. हा फायदा मोठा आहे, फक्त रिम त्यासाठी केलेली असावी लागते.

टायर कसा का घेतलेला असेना, त्याचे आयुष्य हवा ठरवते. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेली रबरी नळी बसवली, तेव्हापासून चाकाखाली खरे काम हवाच करते आहे. ती कमी असेल तर टायरच्या कडा दुमडतात, तापतात, दोन्ही बाजूंनी झिजतात, आणि पेट्रोलही जास्त लागते. जास्त भरली तर टायर मधूनच झिजतो आणि रस्त्याला कमी टेकतो. किती हवा हवी ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. एकट्यासाठी वेगळी आणि मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकाला जास्त. आठवड्यातून एकदा, सकाळी, गाडी थंड असताना मोजावी. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी डांबर पाघळते, त्या वेळी मोजलेली हवा खरी नसते.

आणखी एक. सणाला गाडी धुताना टायरला पॉलिश किंवा तेल चोळून काळाभोर करण्याची जी पद्धत पडली आहे, ती बंद करा. ते तेल खाली उतरते आणि नेमके जिथे रस्ता धरायचा तिथेच लागते. डिझेलने धुतल्यानेही रबर खराब होते. साबण-पाणी पुरे.

२०२३ साली समृद्धी महामार्गावर परिवहन खात्याने चारचाकींचे टायर तपासायला सुरुवात केली आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या. चांगले केले. पण आपल्या कारंजा-मंगरूळपीर, कारंजा-मानोरा रस्त्यांवर भल्या पहाटे मजुरीला जाणाऱ्याचा टायर वाकून पाहायला कोण येणार? वस्तीतली बैठक संपल्यावर बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांचे टायर नाणे घेऊन पाहायला मी दहावी-बारावीच्या मुलांना सांगतो. पोरे उत्साहाने पाहतात आणि घरी जाऊन आईला सांगतात. बापाला सांगण्यापेक्षा ते जास्त लागू पडते, असा माझा अनुभव आहे.

नवा टायर टाकल्यावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून चालवावे, कारण नव्या रबराचा वरचा गुळगुळीत थर घासून जाईपर्यंत पकड येत नाही. कडेवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेनेच आहे ना, तेही दुकानातून निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. आणि जुना टायर दुकानात सोडू नये. शे-दोनशे रुपये मिळतात म्हणून आपण तो देऊन टाकतो, पण तो भट्टीतच जाईल याची खात्री नसते. धुऊन-काळा करून तो पुन्हा एखाद्या मजुराच्या पुढच्या चाकात बसतो. मी माझा टायर घरी आणतो आणि त्याच्या कडेला सुरीने तीन-चार आडवे काप मारतो. मागच्या खेपेचा आता आमच्या अंगणात तुळशीजवळ पडला आहे. त्यात हिने पुदिना लावला आहे.