कंधारच्या खंदकावरील तर्कवितर्क

पावसाळ्यांत कंधारच्या किल्ल्याचा खंदक भरला म्हणजे सायंकाळीं त्याच्या कांठीं तरुणांची बैठक जमते. आम्ही वृद्धही तेथें जाऊन टेकतों. सांप्रत बैठकीचा विषय हा किल्ला नसून पुण्याजवळील आंबेगांवची शिवसृष्टि हा आहे!

२१ एकरांवर ४ टप्प्यांत शिवकाल उभा करावा, ही बाबासाहेब पुरंदरे यांची योजना. काम इतकें लांबलें कीं, १५ नोव्हेंबर २०२१ रोजीं ते निवर्तले तेव्हां पहिलें दारही उघडलें नव्हतें. सरकारवाडा १९ फेब्रुवारी २०२३ रोजीं खुला झाला. दुसरा टप्पा २०२५ च्या शिवजयंतीस. पुढें काय होणार ह्यावर येथें रोज कडाक्याचा वाद. एकास ‘जाणता राजा’मधल्यासारखे हत्तीघोडे हवेत, दुसऱ्यास चित्रपटांत पाहिलेला रायगड तसाच्या तसा हवा. आम्हां वृद्धांना मात्र शेवटच्या टप्प्याची तारीख आपल्या वयाशीं ताडून पाहावी लागते.

असे तर्क कंधारास नवे नव्हेत. तिसऱ्या कृष्णासारखा राष्ट्रकूट सम्राट् ज्या नगरीवरून स्वतःस ‘कंधारपुरवराधीश्वर’ म्हणवी, तेथील क्षेत्रपालाच्या महामूर्तीचे आतां केवळ पाषाणखंड उरले आहेत. ती सुमारें ६० फूट उंच असावी, असा अभ्यासकांचा अंदाज. हातीं आयुध कोणतें, मुख कोणीकडे, ह्यावर आमच्या पिढीनें पुष्कळ संध्याकाळ घालविल्या.

दिवाळीच्या सुटींत मंडळी आंबेगांवास जाणार आहेत. तत्पूर्वीं एकदां त्या खंडांपाशीं यावयाचें त्यांनीं कबूल केलें आहे. मोजण्याची दोरी आम्हीं काढून ठेविली आहे.