चोथा

सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या हिरव्या बादलीचं झाकण कुणीतरी उघडंच टाकलं होतं. दुधाची पिशवी घेऊन परत येताना मोसंबीच्या सालीचा वास आला आणि मी चक्क वाकून बादलीत पाहिलं. आत चोथ्याचा ढीग. मोसंबीचा, गाजराचा, थोडा हिरवा, म्हणजे बहुधा पालकाचा. कोरडाठक. मुठीत दाबला असता तरी हात ओला झाला नसता. तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्यानं कोल्ड प्रेसचं यंत्र घेतलंय हे ऐकून होतो. ते यंत्र फळ भरडत नाही, पिळून काढतं, आणि त्याची खरी करामत ग्लासात नाही, बादलीत दिसते.

तो चोथा माझ्या हक्काचा होता, असं त्या क्षणी वाटलं. वय साठीच्या पुढं गेलं तरी काही हक्क सुटत नाहीत.

आमचं गाव अंबड तालुक्यातलं. मोसंबीची बाग होती, आणि बाग असलेल्या घरात मोसंबीचा रस कुणी पीत नसे. आम्ही पोरं गळलेली, तडकलेली, पाखरांनी टोचलेली फळं खायचो, कारण चांगली फळं पाचोडच्या बाजारात जायची. खायची पद्धतही ठरलेली. विळ्यानं दोन भाग करायचे, तोंड लावून चोखायचं, मग उरलेलं दातांनी ओरबाडून खायचं आणि साल बैलापुढं टाकायची. रस काढणं हा प्रकार घरात एकदाच झाला, आप्पांना, म्हणजे माझ्या आजोबांना, मुदतीचा ताप आला तेव्हा.

अंबडच्या डॉक्टरांनी भाकरी बंद केली होती. विषमज्वरात आतड्याला जखमा होतात, जडान्न द्यायचं नाही, पातळ द्या, असं सांगून गेले. मायनं मग बागेतलं पहिल्या प्रतीचं फळ घरात आणायला सुरुवात केली. ते दृश्य मला आजही जसंच्या तसं दिसतं. ती मोसंबी सोलायची, फोडीवरचा पांढरा पापुद्रा नखानं काढायची, प्रत्येक बी वेगळी करायची. बी चिरडली की रस कडू होतो, हे तिला ठाऊक होतं. मग जुन्या पातळाचं धुतलेलं फडकं वाटीवर धरून त्यात फोडी घालायची आणि पिळायची. मनगटावरच्या बांगड्या मागं सरकायच्या. वाटी भरली की लगेच आप्पांच्या तोंडाला लावायची, कारण ठेवला तर तासाभरात कडवटतो. याचं कारण मला फार पुढं समजलं. मोसंबीत एक बिनचवीचं द्रव्य असतं, रस निघाला की त्यातल्या आंबटपणामुळं त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, आणि लिमोनिन कडू. बाटलीबंद मोसंबीचा रस आंब्याच्या रसासारखा दुकानोदुकानी दिसत नाही, त्यामागं हे एक मोठं कारण. मायला लिमोनिन माहीत नव्हतं. वेळ माहीत होती.

आणि फडक्यात उरायचा तो चोथा माझा. त्यात साखर घालायची गरज नसायची. मायच्या हातात कितीही जोर असला तरी थोडा रस राहायचाच, किंवा ती राहू द्यायची.

इथं मामा येतात. आप्पांना बघायला म्हणून मायचे थोरले भाऊ यायचे, खाटेशेजारी बसायचे, “कसं वाटतंय आता?” विचारायचे, आणि आप्पा उत्तर देईपर्यंत माय त्यांच्यासाठीही एक वाटी पिळायला बसलेली असायची. पाहुण्याला रिकाम्या तोंडी पाठवायचं कसं? मामा नको नको म्हणत वाटी रिकामी करायचे. तिथवर माझी तक्रार नव्हती. पण वाटी खाली ठेवून ते फडक्याकडं बघायचे आणि म्हणायचे, “चोथा टाकू नको गं. पोटाला चांगला असतो.” माय फडकं त्यांच्यापुढं करायची. मी दारात उभा असायचो. आप्पा बरे झाले, पुढं पुष्कळ वर्षं जगले. मामाही गेले आता. आहारतज्ज्ञ हल्ली तंतुमय पदार्थांबद्दल जे सांगतात तेच मामा तेव्हा सांगत होते, हे मान्य करूनही मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मोसंबी आणि खाट यांचं नातं आमच्याच घरातलं नव्हतं. १९४३च्या फेब्रुवारीत गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. २१ दिवसांच्या उपासाआधी त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना कळवलं होतं की, नुसतं पाणी आता शरीर घेत नाही, तेव्हा ते पिता यावं म्हणून त्यात लिंबूवर्गीय फळांचा रस घालीन. मरणं हा हेतू नाही, यातून तरून निघायचं आहे. रसाचा असा हिशेब मला पटतो. पाणी उतरेना म्हणून रस, आणि तोही पाणी उतरेल इतकाच. त्याआधी १९३२ साली येरवड्यातला उपास त्यांनी कस्तुरबांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन सोडला. आजही आपल्याकडं उपोषण सुटलं की कुणीतरी ग्लास पुढं करतं आणि फोटो निघतो. उपाशी माणसाच्या पोटाला जे पहिलं पेलवेल ते म्हणजे रस. आजारी, उपाशी, दात नसलेलं, नुकतं ऑपरेशन झालेलं, अशांचं ते अन्न. धडधाकट माणसाला चावायला दात दिलेत.

पण आता धडधाकट माणसंच सकाळी सहाला रांगेत असतात. मी ज्या बागेत फिरायला जातो तिच्या फाटकाशी एक जण स्टीलचे डबे मांडून बसतो. कारलं, आवळा, गव्हांकुर, कोरफड, बीट-गाजर, कडुनिंब, दुधी. प्रत्येक डब्यावर कशाला काय गुणकारी याची पाटी. ट्रॅकसूटमधले लोक नाकाला चिमटा लावल्यासारखं तोंड करून कागदी पेला रिचवतात आणि समाधानानं निघून जातात. चव जितकी वाईट तितका गुण जास्त, ही श्रद्धा आपल्या हाडीमासी आहे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा सुरू व्हायच्या आधी एरंडेल पाजायचे, त्या पिढीला हे सगळं ओळखीचं वाटतं. फरक एवढाच की एरंडेल वर्षातून एकदा असायचं आणि ते पिऊन कुणी फोटो टाकत नसे.

त्या डब्यांतल्या दुधीबद्दल मात्र गंभीरपणानं बोलायला हवं. दुधी, काकडी, दोडका या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू विषारी द्रव्यं असतात. एरवी ती नगण्य असतात, पण एखादं फळ कडू निघतं. भाजीत एक घास घेतला की आपण थुंकतो आणि प्रकरण मिटतं. रसात तसं होत नाही. कडू तर असणारच, औषध आहे, असं म्हणत माणूस अख्खा ग्लास संपवतो. मग उलट्या, पोटात आतून रक्तस्राव, रक्तदाब खाली. २०१० साली दिल्लीत असा रस पिऊन एक शास्त्रज्ञ दगावले. त्यानंतर आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं, तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा सल्ला साधा होता: रस काढण्याआधी दुधीची चकती चाखा, कडू लागली तर फेका, दुधीत दुसरा रस मिसळू नका, आणि त्रास झाला तर ताबडतोब दवाखाना गाठा, कारण यावर उतारा नाही. २०१८ साली पुण्यातही दुधीच्या रसानं एका बाईचा जीव गेल्याची बातमी आली. डबेवाल्याला मी एकदा विचारलं, चाखून घेता का? “काका, एवढे दुधी कोण चाखणार?” तो म्हणाला. खरं होतं त्याचं. म्हणूनच तो डबा मी ओलांडून जातो.

तिसऱ्या मजल्यावरची मुलगी लिफ्टमध्ये भेटली तेव्हा म्हणाली, “काका, रोज सकाळी डिटॉक्स. तुम्हीपण सुरू करा ना, खूप हलकं वाटतं.” गोड मुलगी आहे, तिच्याशी वाद घातला नाही. हलकं वाटणारच, सकाळचा नाश्ता बंद केलाय तिनं. पण आतली घाण काढायची म्हणजे नक्की कोणती, हे मला कुणी अजून नीट सांगितलेलं नाही. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत शरीराला देऊन लिटर-दोन लिटर बाहेर टाकतात. दीड किलोचं यकृत रात्रंदिवस उरलेलं काम बघतं. तिथं बिटाच्या ग्लासाला नोकरी मिळणं कठीण. उलट ज्यांची मूत्रपिंडं थकलेली आहेत त्यांनी पालक आणि बिटाचे रस पिणं धोक्याचं, कारण त्यातलं ऑक्झलेट त्या मूत्रपिंडांतच येऊन साचतं.

आणि साखर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली साखरेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात फळांच्या रसातली साखर ही मधातल्या, सरबतातल्या साखरेच्याच रांगेत बसवली. अख्ख्या फळातली साखर त्या रांगेत नाही. फळ तेच, साखर तीच. मध्ये फक्त मायचं फडकं. एका ग्लासाला तीन-चार मोसंब्या लागतात. तेवढ्या एका बैठकीत सोलून, चावून खाऊन दाखवा म्हणावं. जबडा दुखेल, पोट भरेल, आणि दुसरीनंतरच माणूस थांबेल.

स्मूदीशी मात्र माझं भांडण नाही. तिच्यात निदान चोथा टाकत नाहीत. केळं, दही, भिजवलेले बदाम सगळं एकत्र फिरवून प्यायचं, म्हणजे आपल्या शिकरणाची शहरी धाकटी बहीण. फक्त तिला जेवणाची जागा द्यावी, जेवून वर पिऊ नये.

हे सगळं मी थोरल्या भावाला फोनवर सांगत होतो. तो हसला. त्याला चोथ्याचं काही नाही. तो थोरला असल्यानं त्याला अख्खी फोड मिळायची. बागेचं मात्र त्याला अजून लागतं. २०१२च्या पावसाची हजेरी इतकी कमी होती की, २०१३च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यात माणसांना टँकरचं पाणी, झाडांना कुठून देणार? आंबे बहाराला भर उन्हाळ्यात पाणी लागतं. भावानं टँकर विकत घेऊन थोडी झाडं जगवायचा प्रयत्न केला. मोसंबीचं झाड फळ धरायला पाच-सहा वर्षं घेतं आणि वाळायला एक मे महिना. बुंध्याची साल सुटायला लागली तेव्हा त्यानं आशा सोडली. लाकडं सरपणात गेली. आप्पांसाठी ज्या झाडाचं फळ माय तोडायची ते विहिरीजवळचं होतं, तेही त्यातच गेलं. जिल्ह्यात कितीतरी बागा तशाच गेल्या, आणि पुढं, २०१६ साली, जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं.

भावानं त्या जागेवर तुती लावली आहे. रेशमाचे किडे पाळतो, कोष जालन्याच्या बाजारात नेतो. पाणी मोसंबीपेक्षा कमी लागतं आणि पैसा महिन्या-दीड महिन्यात हातात येतो, त्याची तक्रार नाही. त्या दिवशी फोन ठेवता ठेवता त्यानं विचारलं, “पुण्यामुंबईकडं तुतीच्या पाल्याची पावडर विकतात म्हणे, साखर कमी व्हायला, पोट साफ व्हायला. पाण्यात घालून पितात. आपण करावी का?”

मी म्हणालो, अळ्यांनाच घाल.